एकच कीबोर्ड, दोन पाळ्या

विश्राम मोंडकर कामावर यायचे तेव्हा त्यांच्या खिशात एक बटण असायचं. शर्टाचं नाही, कीबोर्डचं. कॅप्स लॉकचं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं आणि माझ्यादेखत खिशात टाकलं.

"वहिनी, हे बटण चुकून दाबलं जातं," ते म्हणाले. "चुकून दाबलं जाणारं बटण हाताखाली ठेवायचं म्हणजे घरात चोर पाळायचा."

"अहो, कालच आणलाय तो कीबोर्ड!"

"म्हणूनच सांगतो. अजून हाताला बसलेला नाय."

'हाताला बसलं पाहिजे' हे त्यांचं ब्रीदवाक्य. चहाचा कप हाताला बसला पाहिजे, खुर्ची हाताला बसली पाहिजे. खुर्ची हाताला कशी बसते हे मी एकदा विचारलं, तर अर्धा तास समजावून सांगत बसले. त्यानंतर मी काही विचारायचं सोडून दिलं.

आमचं दुकान लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन. आमचे हे बँकेत, त्यामुळे दुकान माझं आणि दुकानाच्या कटकटीही माझ्या. मिल बंद पडल्या तेव्हापासून आमच्या रस्त्यावर दर दुसऱ्या गाळ्यात कोणी ना कोणी काहीतरी नवीन शिकून बसलेलं असतं. विश्रामभाऊ मिलमध्ये साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायचे माग. संप झाला, मिल गेली. मग त्यांनी कांदे-बटाटे विकले, छत्र्या दुरुस्त केल्या, आणि पन्नाशीला टेकल्यावर दादरच्या एका क्लासात शाळकरी पोरींच्या मधे बसून मराठी टायपिंग शिकले. लग्न राहूनच गेलं होतं. चाळीतल्या खोलीत एकटे राहायचे, खानावळीचा डबा खायचे.

माणूस हुशार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खोड! दुकानात एकच कॉम्प्युटर. त्यात मजकूर टाइप करायचा एक एडिटर होता. जगातली माणसं असला एडिटर उघडतात आणि टाइप करायला लागतात. विश्रामभाऊ एडिटर उघडायचे आणि त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचे. पडदा काळा, अक्षर हिरवं. "पांढऱ्यावर काळं म्हणजे डोळ्यांवर ट्यूबलाइट!" ओळ कुठे तुटावी, समास किती असावा, कर्सर लुकलुकावा की गप उभा राहावा, सगळ्यावर त्यांचं मत. कर्सर त्यांनी गप उभा केला होता. म्हणाले, "लुकलुकतो तेव्हा घाई करतोय असं वाटतं. मी कोणाच्या घाईवर काम करत नाय."

आणि ती बटणं! कीबोर्डच्या डोक्यावर एफ वन ते एफ ट्वेल्व्ह अशी बारा बटणं असतात. शहाणी माणसं त्यांच्या वाटेला जात नाहीत. विश्रामभाऊंनी त्या बारा बटणांत माणसाचा अख्खा जन्म भरला होता. एफ वन म्हणजे बारसं. एफ टू वाढदिवस. मग मुंज, साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, सत्यनारायण, गाळ्याचं उद्घाटन, साठी, असं करत करत एफ ट्वेल्व्ह म्हणजे तेरावं. लग्नाचं बटण दाबलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळी पत्रिका धाडकन पडद्यावर. नावं तेवढी घालायची. वाढदिवसाच्या बटणात 'कार्यसम्राट, धडाडीचे नेतृत्व, गोरगरिबांचे कैवारी' हे आधीच भरलेलं.

"कोणाचाही वाढदिवस असला तरी?" मी विचारलं.

"बॅनर लावतो म्हणजे एवढं लागतंच, वहिनी. उगाच परत परत कशाला टाइप करायचं?"

हे सगळं वेळ वाचवण्यासाठी चाललेलं असायचं, हे विशेष. एकदा एक नवऱ्यामुलाचा बाप बाकावर बसून घाम पुसतोय आणि हे साखरपुड्याचं बटण डाव्या हाताला घ्यावं की उजव्या, याचा विचार करतायत. मी म्हटलं, "विश्रामभाऊ, त्यांची पत्रिका!" तर म्हणाले, "आज दोन तास गेले तर जाऊ देत. उद्यापासून दर पत्रिकेमागे दोन मिनिटं वाचतील." नवऱ्यामुलाचा बाप बिचारा 'उद्या माझ्याकडे लग्न नाही हो' असं म्हणत समोरच्या दुकानात गेला.

मला स्वतःला माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप करता येत नसत. एकदा बाहेर लावायला पाटी करत होते, 'माझ्या दुकानात उधारी मिळणार नाही'. नुसतं 'मा' टाइप केलं आणि पडद्यावर 'माननीय' उमटलं. पाटी झाली 'माननीय झ्या दुकानात'. तीन वेळा खोडलं, तीन वेळा तेच. शेवटी खडूने फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर विश्रामभाऊंशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण ते सेटिंगमध्ये होते.

एवढं असूनही मी त्यांना ठेवलं, कारण टाइप करायला लागले की हात थांबत नसे. पण ते सकाळी आठ ते दीड. दुपारचं काय? बाहेर पाटी लावली, 'दुपारसाठी मराठी ऑपरेटर पाहिजे'. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. बारीक अंगाचे, हसरे, राहायला माहीमला. नाव मनोहर मोंडकर.

"आमच्या विश्राम मोंडकरांचे कोण तुम्ही?" मी विचारलं.

"आडनाव एक आहे," ते म्हणाले आणि खाली बघून पायातली चप्पल नीट करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामभाऊंना विचारलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग कीबोर्डकडे. "कोकणात मोंडकर पोत्याने मिळतात," म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांनी मनोहररावांचं नाव कधीही तोंडातून काढलं नाही. ते त्यांना 'दुसरी पाळी' म्हणत. मिलमधली सवय. पहिली पाळी सुटायची, दुसरी भरायची. "दुसऱ्या पाळीला सांगा, कीबोर्डला झाकण लावून जात जा." "दुसरी पाळी काल खुर्ची वर करून गेली."

खुर्चीवर भागलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण मनोहररावांनाही सगळं हाताला बसवूनच लागायचं! विश्रामभाऊ काळा पडदा करून जायचे, ते दुपारी येऊन साईसारखा पिवळसर करायचे. हे कर्सर गप उभा करायचे, ते नाचता ठेवायचे. यांचं 'मा' म्हणजे माननीय, त्यांचं 'मा' म्हणजे मातोश्री. सकाळी आठला विश्रामभाऊ खुर्चीत बसायचे, एडिटर उघडायचे आणि पहिलं वाक्य यायचं, "काय करून ठेवलंय हे!" मग अर्धा तास नुसतं पूर्ववत करणं चालायचं. दुपारी मनोहरराव बसायचे, मान हलवायचे, हसायचे आणि पुन्हा अर्धा तास. दिवसाचा एक तास माझ्या विजेवर हे दोघं एकमेकांचं पुसत बसायचे. दोघं कधी समोरासमोर येत नसत. हे दीडला मागच्या दाराने जायचे, ते दोनला पुढच्या दाराने यायचे. मधला अर्धा तास दुकानात मी आणि झेरॉक्स मशीन.

मला हळूहळू संशय आला. दोघांची बसण्याची ढब एक, नाक एक, आणि दोघंही कीबोर्डला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी मनोहररावांना सरळच विचारलं, "सख्खे ना तुम्ही?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "थोरला माझा," म्हणाले. "एकाच साच्यावर होतो आम्ही, वहिनी. तो पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. तेव्हापण असंच. तो आपल्या हाताने साचा लावून जायचा, मी येऊन बदलायचो. मुकादम वैतागायचा. पण संध्याकाळी एकाच ताटात जेवायचो."

"मग?"

"मग संप. वर्ष सरलं तरी मिटेना. बायको पोटुशी, गावाला आई अंथरुणावर. मिलचा भोंगा परत वाजायला लागला तसा मी गेलो आत. गेटाबाहेर सगळे उभे होते. त्यात तो पण होता. त्याने शिवी नाय दिली, काय नाय. तोंड फिरवलं फक्त." त्यांनी कीबोर्डवरची धूळ पुसली. "ते फिरवलं ते फिरवलंच. आई गेली तेव्हा पण बोलला नाय. पुढे मिल बंदच झाली. आत गेलेलो मी पण रस्त्यावर, बाहेर राहिलेला तो पण रस्त्यावर."

मला खरं सांगायचं तर दोघांचाही राग आला. एवढ्या वर्षांत मिलच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि हे दोघं अजून त्या गेटाशीच उभे! पण मला काय, माझ्या पत्रिका वेळेवर निघाल्याशी कारण, असं म्हणून मी गप्प बसले. गप्प बसले ते चुकलंच, कारण पुढे भाऊंचं प्रकरण झालं.

भाऊ म्हणजे आमच्या नाक्यावरचे पुढारी. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागतो, आणि त्याचा मजकूर आमच्याकडे होतो. आता झालं होतं असं, की आदल्या दिवशी दुपारी मनोहररावांनी बटणांचा क्रम बदलला होता. त्यांचं म्हणणं, जन्माच्या क्रमाने बटणं लावणं हा वेडेपणा आहे, जे जास्त लागतं ते जवळ पाहिजे. "मुंजी वर्षातून चार येतात, वहिनी. मयत रोज." म्हणून त्यांनी श्रद्धांजली आणून ठेवली एफ टूवर.

सकाळी भाऊंची पोरं आली, घाई घाई करत उभी राहिली. विश्रामभाऊंनी त्या दिवशी नेमकं आधी सेटिंग तपासलं नाही. त्यात ते पडद्याकडे बघून टाइप करत नसत. "बघून करतो तो शिकाऊ," असा त्यांचा तोरा. एफ टू दाबलं, भाऊंचं नाव घातलं, मजकूर पेनड्राइव्हवर दिला. मी गणपती मंडळाच्या अहवालाच्या झेरॉक्समध्ये बुडालेली. पोरांनीही न वाचता तो बॅनरवाल्याकडे पोचवला. आमच्याकडे बॅनर वाचतो कोण? फोटो मोठा आला की झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या तोंडाशी दहा फुटी भाऊ. काळा गॉगल, कानाला मोबाइल, चेहऱ्यावर हसू, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली! ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. शोकाकुल : समस्त मित्रमंडळ'. दूधवाल्याने हात जोडले. भाजीवाल्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "कालच तर बघितला हो, चांगला धडधाकट होता!" एक कार्यकर्ता हार घेऊन भाऊंच्या घरी गेला आणि दार खुद्द भाऊंनी उघडलं. तो बेशुद्ध पडला म्हणतात. मी काही बघायला गेले नव्हते.

भाऊ स्वतः दुकानात आले. म्हणाले, "मॅडम, मी जिवंत आहे."

"दिसतंय मला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर्षभराचे बॅनर फुकट करून देण्याच्या बोलीवर प्रकरण मिटलं.

मग मी दोघांना झाडलं. एकत्र झाडायची सोय नव्हती, म्हणून एकाला सकाळी, एकाला दुपारी. विश्रामभाऊ म्हणाले, "दुसऱ्या पाळीला विचारा." मनोहरराव म्हणाले, "त्यांनी वाचायला नको होतं काय?" मी म्हटलं, "बस झालं!" कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि मशीनमध्ये भिंत घालून घेतली. दोघांची दोन वेगळी खाती, दोन पासवर्ड. ज्याने त्याने आपल्या खात्यात शिरायचं, आपली बटणं, आपला पडदा, आपलं काय ते 'मा'. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही.

काय सांगू, काय शांतता पसरली! सकाळचं "काय करून ठेवलंय हे" बंद. विश्रामभाऊ आठला बसायचे आणि आठ वाजून एका मिनिटाला काम सुरू. मी जाहीर करून टाकलं, की हे मला आधी कसं सुचलं नाही.

पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विचारलं, "काय विश्रामभाऊ, आता सगळं हाताला बसलं ना?"

"बसलं." ते पडद्याकडे बघत राहिले. "काल जसं ठेवून गेलो तसंच आहे. परवा पण तसंच होतं."

"मग चांगलंच आहे की!"

"हां. चांगलंच."

माणूस मिटत चालला. सेटिंगमध्ये शिरेनात. चहा गार व्हायला लागला. आणि मला प्रश्न सुरू झाले, तेही दुसरीकडे बघत. "दुसरी पाळी येते ना वेळेवर?" "काल पाऊस होता, भिजत आली असेल दुसरी पाळी." "दुसऱ्या पाळीने चहा घेतला काय?" मी म्हटलं, मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे? स्वतः थांबा अर्धा तास आणि विचारा! तर लगेच मागच्या दाराने पसार.

इकडे दुपारचं काम बिघडायला लागलं. मनोहरराव आधी झपाझप करायचे, आता एका पत्रिकेला तास लावायचे. नाक पडद्याला टेकवून बसायचे. त्यांची पाठ गल्ल्याकडे, पडदा त्यांच्या डोक्याआड, मला वाटायचं किती मन लावून करतायत. मन लावून केलेल्या पत्रिकेत एकदा नवऱ्यामुलाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव पडलं. ते लोक भांडायला आले ते वेगळंच. पुढच्या आठवड्यात एका उद्घाटनाची तारीख चुकली. मी मनोहररावांना विचारलं, तर हसून म्हणाले, "होतं वहिनी कधी कधी." हसण्यावर मी किती दिवस दुकान चालवणार?

एका सकाळी मी विश्रामभाऊंना सांगून टाकलं. "महिनाअखेर तुमच्या दुसऱ्या पाळीला रजा देते. चुका फार व्हायला लागल्यात. मला गिऱ्हाइकं टिकवायची आहेत."

त्यांनी हात थांबवला. "रजा म्हणजे किती दिवसांची?"

"रजा म्हणजे रजा, विश्रामभाऊ. दुसरा माणूस बघते."

त्यांनी त्या दिवशी एक वाढदिवस, दोन सत्यनारायण, सगळं बिनचूक टाइप करून दिलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून वर आमच्या खोलीत चहा टाकायला गेले. खाली आले तर विश्रामभाऊ मशीनवर. पडदा पिवळसर! म्हणजे भावाच्या खात्यात शिरलेले. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत? त्याची नोकरी जायला लागलीय आणि तुम्हाला अजून त्याची बटणं उचकटायची आहेत? आणि पासवर्ड कुठून मिळाला तुम्हाला?"

"आमच्या आईची गाय होती, तांबू. तो दुसरं काय ठेवणार?" ते वळले नाहीत. "वहिनी, इकडे या. हे बघा."

मी जाऊन बघितलं. पडद्यावर एका ओळीत तीन शब्द. अक्षरं केवढाली! आमच्या दुकानाच्या पाटीवर असतात तेवढी. कर्सर बोटाएवढा जाड.

"त्याला दिसत नाय, वहिनी," विश्रामभाऊ म्हणाले. "डोळे चाललेत त्याचे. नोकरी जाईल म्हणून बोलत नाय तो. भिंत घालायच्या आधीपासून अक्षर वाढत होतं. रोज थोडं थोडं. मला वाटायचं, मला चिडवायला करतो. मी रोज सकाळी लहान करून जायचो." त्यांनी बोटं तोंडावर घासली. "रोज लहान करून जायचो मी. आणि तो दुपारी चाचपडत परत मोठं करायचा."

मी वाकून त्या तीन शब्दांना बोट लावलं. 

"त्याला काढू नका," ते म्हणाले. "त्याचं सगळं मी सकाळी तपासून देईन. त्याला कळू न देता. मी आता अक्षर अजून मोठं केलंय, बटणं पण कमी केली, फक्त चारच ठेवलीत. बोटांना लागतील अशी. पैसे नकोत मला जास्तीचे."

"ते सगळं कराल हो तुम्ही," मी म्हटलं. "पण डोळ्यांचं काय? ते काय सेटिंगमधून बरे होणार आहेत? डॉक्टरकडे कोण नेणार?"

"तुम्ही सांगा त्याला."

"मी नाही सांगणार. भाऊ तुमचा. तुम्ही बोलणार असाल तर त्याची नोकरी राहील. नाही तर नाही."

"वहिनी, तेवढं सोडून काय ते सांगा."

"नाही म्हणजे नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले, की समोरचा इस्त्रीवाला बघायला बाहेर आला. खरं तर मी त्यांना नुसती धमकी देत होते. पण त्यांना ते माहीत नव्हतं, आणि सांगायचा माझा विचारही नव्हता.

दीड वाजता ते मागच्या दाराने गेले. मला वाटलं, संपलं. पण पावणेदोनला पुढच्या दाराने परत आले. बारा महिने पांढरा शर्ट घालणारा माणूस, निळाभोर बुशकोट घालून आलेला! त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी म्हटलं, हे काय आता नवीन? ते बाकावर जाऊन बसले, हात मांडीखाली घालून, शाळेत पहिल्या दिवशी मुलं बसतात तसे.

दोनला मनोहरराव आले. उंबऱ्याशी थांबले, पायाने पायरी चाचपली, मग आत आले. इतके दिवस हे मला दिसलं नव्हतं, याचं मलाच वाईट वाटलं. ते बाकाजवळून गेले, मला "वहिनी, नमस्कार" म्हणाले, आणि खुर्चीत बसून आपलं खातं उघडलं. मी उगाचच झेरॉक्स मशीन चालू केलं. काचेवर काहीच ठेवलं नव्हतं.

मनोहररावांची बोटं कीबोर्डवर फिरली आणि थबकली. पडद्याजवळ नाक नेलं. मग तिथूनच, न वळता, मालवणीत विचारलं, "माज्या मशिनीक हात कोणी लावल्यान?"



"मी लावलंय," बाकावरून आवाज आला.

मनोहररावांच्या खांद्यांत काहीतरी हललं.  झेरॉक्स मशीन आपलं कोरे कागद टाकत होतं.

"तुका दिसता काय?" विश्रामभाऊंनी विचारलं.

"दिसता."

"खोटा बोलू नको. माज्याकडे बघ. शर्टाचो रंग सांग माका."

मनोहरराव खुर्चीत वळले. भावाकडे बघितलं. तो बाक काय, चार पावलांवर होता. डोळे बारीक केले, मग हसले.

"पांढरो," म्हणाले. "तू दुसरो खयचो घालतंस?"

विश्रामभाऊ त्या निळ्याभोर बुशकोटात बसले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. ते उठले, भावाजवळ गेले, आणि एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होय रे," म्हणाले. "पांढरोच आसा. उद्या सकाळी हॉस्पिटलात जावचा आसा."

"माका एकट्याक जमाचा नाय," मनोहरराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू येतलंस?"

"येतलंय."

मी तोंड वळवून झेरॉक्सचा प्लग काढला आणि तिथेच उभी राहून रडले. माहीमहून निघालेल्या माणसाला लालबागला येईपर्यंत शंभर डीटीपीची दुकानं लागतात. तो इतक्या लांब माझ्या दारात का आला होता, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हॉस्पिटलात गेले आणि दुपारीही कोणी आलं नाही. गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली. मी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.